मीठ विरघळेपर्यंत

बाळारामला त्यांनी आधी तोंडावर मारलं. शीळफाट्याजवळ त्याचे स्वतःचे गाळे आहेत. त्यांच्यासमोरच्या मोकळ्या जागेत, भर दुपारी, टायरवाला आणि चहावाला बघत असताना फावड्याच्या दांड्याचा पहिला फटका जबड्यावर बसला. तो खाली पडल्यावर बरगड्यांवर, मग पाठीवर, आणि तो कुशीवर वळून काहीतरी बोलायला बघतोय असं दिसल्यावर पुन्हा तोंडावर. मारणारे दोघे त्याचे चुलत पुतणे. त्यांच्या बारशाला हा जेवून आलेला. चहावाल्याने नंतर मला सांगितलं की मारताना दोघांपैकी कोणीही शिवी दिली नाही, एक शब्द बोललं नाही. फक्त लाकडाचा आवाज येत होता. ओलं कापड दगडावर आपटतात तसा…

त्याच्या मुलाचा, प्रथमेशचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात होतो. कल्याणच्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत बाळारामला आत नेलेलं. त्यानंतर तो काही दिवस जगला. जबडा तारांनी बांधलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा पण रक्ताने लाल. ज्या तोंडाने आमच्या एजन्सीची निम्म्याहून जास्त पुस्तकं विकली ते तोंड बंद करून ठेवलेलं. शेवटच्या भेटीत त्याने मला बघितलं आणि उजव्या हाताची तीन बोटं चिमटीसारखी जुळवून ओठांकडे नेली. एकदा, आणि मग परत एकदा. मला वाटलं पाणी मागतोय. मी नर्सला बोलावलं. नर्स म्हणाली, त्यांना तोंडाने काही द्यायचं नाही. बाळारामने डोळा मिटून घेतला. जिना उतरताना मला कळलं की तो पाणी मागत नव्हता. तो मला मीठ दाखवत होता. आणि मिठाचा अर्थ आमच्या दोघांत एकच होता: गप्प बस.

हे मीठ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, आणि त्याआधी आमचा धंदा काय आहे ते.

बाळाराम आणि मी ठाण्यात कॉलेजला एका बाकावर बसायचो. तो दिव्याच्या खाडीकडच्या एका गावातला आगरी मुलगा. घरची पूर्वी मिठागरं होती, मग जमिनी विकल्या गेल्या, मग इमारती आल्या. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव न लिहायला मी उशिरा शिकलो. मी नौपाड्यातला, वडील बँकेत, आजोबा शाळेत. तो लेक्चरला कमी आणि कँटीनमध्ये जास्त असायचा, आणि तिथे तो गोष्टी सांगायचा. राक्षसांच्या, परग्रहावरच्या, समुद्राखालच्या गावांच्या. त्या त्याने वाचलेल्या असायच्या की रचलेल्या, हे कधी कोणाला कळलं नाही. चहा गार व्हायचा आणि कोणी उठायचं नाही.

पुढे नोकरी सोडून मी साहित्याच्या हक्कांची एजन्सी काढली. मराठीत विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे लोक आहेत, चांगले आहेत, पण पुस्तक छापून झालं की त्यांचं काम तिथेच संपतं. त्या पुस्तकाचे हिंदी अनुवादाचे हक्क, ऑडिओचे, वेब सिरीजचे, चित्रकथेचे, हे सगळं वेगवेगळं विकता येतं हे त्यांना माहीत नसतं. ते विकून देणं हे आमचं काम. पहिल्यांदा हे बाळारामला समजावून सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, म्हंजे आमच्या जमिनीसारखंच. खालचा गाळा एकाचा, वरचा मजला दुसऱ्याचा, गच्चीवरचा टॉवर तिसऱ्याचा, आणि मूळ मालक मागच्या चाळीत भाड्याने. दुसऱ्या आठवड्यापासून तो ऑफिसात यायला लागला. त्याला पगाराची गरज नव्हती, गाळ्यांचं भाडं यायचं. त्याला गोष्टी सांगायला जागा हवी होती.

आमच्या धंद्यात पुस्तक कोणी वाचत नाही. सिरीज काढणाऱ्या कंपनीतल्या माणसाला वेळ नसतो. त्याच्यासमोर बसून तुम्हाला अख्खी गोष्ट तोंडी सांगावी लागते, त्याला नरेशन म्हणतात. लेखकाने सांगावं अशी अपेक्षा असते. आणि आमचे लेखक… डोंबिवलीचे लिमये घ्या. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, पन्नास प्रकाशवर्षांवरच्या साम्राज्याची तीन खंडांची कादंबरी लिहिणारा सभ्य, प्रेमळ माणूस. पहिल्या नरेशनला त्यांनी आकाशगंगेतलं महायुद्ध वीजबिल वाचावं तसं वाचून दाखवलं. समोरचा मनुष्य फोनवर जेवण मागवत होता. दुसऱ्या वेळेस मी बाळारामला नेलं.

तो खुर्चीवर बसायचा नाही. उभा राहायचा, बूट काढायचा, आणि खिशातल्या छोट्या डबीतून जाड्या मिठाचा एक खडा काढून जिभेवर ठेवायचा. डबी तो ऑफिसातल्या काचेच्या बरणीतून भरून न्यायचा. ती बरणी त्यानेच आणून कपाटावर ठेवलेली. मला वाटायचं घशासाठी असेल, गाणारे लोक करतात तसं. खडा विरघळेपर्यंत तो बोलायचा नाही. समोरचे लोक चुळबुळायचे, घड्याळ बघायचे, मग हळूहळू गप्प व्हायचे. आणि मग तो सुरू करायचा. लढाई आली की त्या गार काचेच्या खोलीत लोक खुर्चीत मागे सरकलेले मी बघितलेत. भाला पोटात गेल्यावर माणूस लगेच ओरडत नाही, आधी त्याला नवल वाटतं, असं तो सांगायचा आणि चेहऱ्यावर ते नवल आणायचा. लिमयेंच्या पुस्तकात एक ओळ होती: सम्राट मारला गेला. त्या ओळीचा त्याने अर्धा तास केला. सम्राट एका पांढऱ्या मैदानातल्या बांधावरून चाललाय. समोरून भाऊ येतो, हातात मैदान ओढायचं अवजार. भाऊ हसतो. सम्राटही हसतो. आणि भाऊ पहिला वार तोंडावर करतो, कारण सम्राटाची हाक पूर्ण मैदानात ऐकू जाते, त्याने एक हाक मारली तर शंभर माणसं धावून येतील. दात पांढऱ्यावर सांडतात आणि दिसत नाहीत, रक्तच तेवढं दिसतं. सम्राट तुटक्या तोंडाने हाक मारायचा प्रयत्न करतो, नुसता फसफस आवाज येतो. दुसरा वार, तिसरा. आणि एका पांढऱ्या राशीमागे सम्राटाचा लहान मुलगा लपलेला असतो. त्याला किंचाळी येते, म्हणून तो मूठभर पांढरं उचलून तोंडात कोंबतो. हिरड्या जळतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण आवाज येत नाही. इथे बाळाराम थांबायचा. पुढे काय झालं हे विचारल्यावर म्हणायचा, हक्क घ्या, मग सांगतो.

लोकांनी हक्क घेतले. लिमये मला म्हणाले, "माझ्या पुस्तकात हे नाहीच आहे हो. पण असायला हवं होतं." आणि त्यांनी पुढच्या आवृत्तीत तो प्रसंग घातला.

काही काळाने माझ्या लक्षात आलं की तो प्रसंग तो सगळ्याच पुस्तकांत घालतो. नागलोकाची कथा असो की मंगळावरच्या वसाहतीची, कुठेतरी एक पांढरं मैदान यायचं, एक भाऊ हसत यायचा, आणि एक पोर तोंडात काहीतरी कोंबायचं. एकदा परत येताना शीळफाट्याला गाड्या अडकलेल्या. मी गमतीत म्हटलं, दादूस, तुझ्याकडे एकच खून आहे का रे? तो समोरच्या टँकरकडे बघायला लागला. मग म्हणाला, हो, एकच. माझ्या बापाचा.

तो दुसरीत होता. मिठागराच्या हद्दीवरून त्याच्या बापाचा आणि सख्ख्या चुलत्याचा वाद होता. चुलत्याने बांधावर फावड्याने मारलं, आणि पोर राशीमागून बघत होतं. गावाने ते प्रकरण गावातच मिटवलं. बाहेर सांगितलं की भरतीच्या वेळी उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या, दारात अडकून गेला. पोलिसांत गेलं असतं तर दोन्ही घरं संपली असती, एक फासावर आणि दुसरं सूड घेत. म्हणून जाणत्यांनी दोन्ही घरांना देवीसमोर बसवून बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. मारणाऱ्याने त्या घराकडे पुन्हा वाकड्या नजरेने बघायचं नाही, आणि मेलेल्याच्या घराने तो मृत्यू कधी उच्चारायचा नाही. गावात नाही, गावाबाहेर नाही. उच्चारला तर मारणाऱ्याची शपथही सुटली. लहान बाळारामलाही भंडारा उचलायला लावलेला. चुलत्याने पुढे शपथ पाळली. गावात मोठा माणूस झाला, देवळाच्या कमानीवर त्याचं नाव लागलं, त्याची नातवंडं आजोबाच्या पाया पडून परीक्षेला जायची.

मी विचारलं, मग तू जे सांगतोस ते? तो म्हणाला, "मी नाव घेतलं कधी? गाव घेतलं? दोन चंद्र हायत माझ्या गोष्टीत. दोन चंद्र असले की शपथ मोडत नाय." आणि हसला. मग डबी पुढे केली आणि म्हणाला, तुलाही सवय लाव. बोलावंसं वाटलं की आधी एक खडा ठेवायचा. विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विरघळल्यावरही बोलावंसं वाटलं, तर बोल. मी खडा घेतला आणि खारट म्हणून खिडकीबाहेर थुंकला. तो मला कॉलेजपासून कारकुना म्हणायचा. तेव्हाही म्हणाला, कारकुना, तुला चव नाय.

आता जिथे सगळं बिघडलं ती बैठक. लिमयेंच्या तीनही खंडांचे हक्क घ्यायला एक मोठी कंपनी आली होती. ठाण्यात घोडबंदर रोडला त्यांचं ऑफिस, आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार. बाळारामने इतकं जबरदस्त सांगितलं की एक मुलगी उठून बाहेर गेली. संपल्यावर त्यांच्या प्रमुखाने मान हलवली. म्हणाला, सगळं छान आहे, पण तो भावाचा सीन जरा ओव्हर आहे. असं कोणी मारत नाही, आणि एवढंसं पोर असं गप्प बसत नाही. खोटं वाटतं. तो काढा.

अशा वेळी उत्तर बाळारामने द्यायचं, हे आमचं ठरलेलं. त्याने सवयीप्रमाणे डबी उघडली आणि खडा जिभेवर ठेवला. म्हणजे आता थोडा वेळ शांतता. ती शांतता आमच्या कामाचा भाग होती, तिने भले भले वितळलेले मी बघितलेत. पण त्या दिवशी मला ती सहन झाली नाही. मला व्यवहार हातातून जाताना दिसत होता, हे खरं. पण त्याहून खरं दुसरं आहे. माझ्या मित्राच्या बापाच्या मरणाला तो मनुष्य खोटं म्हणाला, याचा मला राग आला. मी लहानपणापासून एकच शिकलो होतो, की खरं असलं की बोलायचं. आमच्या घरात गोष्टीपेक्षा खऱ्याला मान होता. आयुष्यभर कल्पित कथा विकूनही माझी ती खोड गेली नव्हती.

मी म्हणालो, "हे खोटं नाहीये. हे घडलंय. तो मुलगा तुमच्यासमोर उभा आहे."

खोलीत सगळे बाळारामकडे बघायला लागले. त्याच्या तोंडात अजून मीठ होतं. त्याने माझ्याकडे बघितलं… ते बघणं मला अजून झोपू देत नाही. चेहऱ्यावर राग नव्हता. भाला लागलेल्या माणसाचं जे नवल तो करून दाखवायचा, तेच होतं.

सीन राहिला, व्यवहार झाला.  परतताना गाडीत, घोडबंदर रोड संपल्यावर तो म्हणाला, "तू मधे का बोललास?"

मी म्हटलं, "अरे, त्याला खोटं वाटत होतं."

"वाटू दे ना. खोटं वाटतंय म्हणून तर मी जिता हाय."

मी त्याला समजावलं की खोलीतली गोष्ट खोलीतच राहील. आणि मग जे केलं ते मी फार थोड्यांना सांगितलंय, सगळ्यात आधी त्याच्या बायकोला. काही महिन्यांनी सिरीजच्या जाहिरातीचा मजकूर मंजुरीसाठी माझ्याकडे आला. करारात ती मंजुरी मीच मागून घेतलेली, लेखकाच्या रक्षणासाठी. मजकुरात लिहिलेलं की अंतराळातल्या या साम्राज्यामागे खाडीकाठच्या एका मिठागरातली सत्य घटना आहे, आणि ती घटना डोळ्यांनी पाहिलेला माणूस आजही तिथेच राहतो. मी वाचलं. मला वाटलं गावाचं नाव तर नाही. मी उत्तरात लिहिलं, छान. बाळारामला दाखवलं नाही. तो नको म्हणाला असता, हे मला माहीत होतं.

जाहिरात त्या प्रसंगाच्या दृश्यांसकट सगळ्यांच्या फोनवर आली. खाली आमच्या एजन्सीचं नाव आणि 'कथन' म्हणून बाळारामचं. गावात तर्क करायला कोणाला वेळ लागला नाही. चुलत्याच्या नातवांनी पांढऱ्या मैदानावर आपला आजोबा बघितला, फावड्याने दात पाडताना. ज्यांना भरतीची गोष्ट सांगून वाढवलं होतं त्यांना वेब सिरीजने खरं सांगितलं. बाळाराम नारळ घेऊन त्यांच्या घरी गेला. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नातवांनी नारळ घेतला नाही. म्हणाले, शपथ तुम्ही मोडली. बाळाराम मला हे सांगत होता तेव्हा मी विचारलं, माझं नाव त्यांच्यापुढे घेतलंस का? तो म्हणाला, "तुझं नाव घेऊन काय करू? तुला मारून त्यांना काय भेटणार हाय?"

त्याच आठवड्यात शीळफाट्याला ते झालं. पहिला फटका तोंडावर बसला, कारण असंच मारतात हे त्यांना आता माहीत होतं. कुठून माहीत झालं, हे मला माहीत आहे.

तो गेला तेव्हा मी ठाकुर्लीला एका लेखिकेच्या घरी करार वाचून दाखवत होतो. वाचता वाचता फोन आला. मी फोन ठेवून पुढचं कलम वाचायला लागलो, तिनेच माझ्या हातातून कागद काढून घेतले.

दहावं-तेरावं झाल्यावर बाळारामच्या बायकोने, सुलोचनावहिनींनी, मला बोलावून घेतलं. मी बरणी परत करायला म्हणून सोबत नेली. घर भरलेलं होतं. आधी मी त्यांना आत एका बाजूला घेऊन जाहिरातीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मारतील, हाकलतील असं वाटत होतं, त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ते नंतर बघू, आधी याला बघा. प्रथमेशने मोटरसायकलच्या सीटखाली कोयता ठेवलेला त्यांना सापडला होता. त्यांनी काढून विहिरीत टाकला, त्याने दुसरा आणला. चोवीस वर्षांचा मुलगा. जेवत नव्हता, गच्चीवर जाऊन पिंपांत लावलेली केळीची झाडं छाटत होता. छाटत म्हणजे एका घावात, तिरपा, मानेच्या उंचीवर. मी वर गेलो तेव्हा गच्चीभर केळीचे बुंधे पडलेले आणि त्यांचं पाणी वाहत होतं.

वहिनी माझ्या मागून आल्या. म्हणाल्या, "भावजी, हे सांगायचे तसं सांगा याला. माझं ऐकत नाय. पोलिसांचं नाय. गोष्ट ऐकेल."

मला नरेशन येत नाही. सगळ्या ठाण्याला माहीत आहे. पण मी बूट काढले, बरणीतून एक खडा घेऊन जिभेवर ठेवला आणि उभा राहिलो. तो विरघळायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझं तोंड भाजत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि प्रथमेश कोयता हातात धरून बघत होता. मग मी म्हणालो की एक ग्रह होता, त्याला दोन चंद्र होते. पांढरं मैदान सांगितलं. हसणारा भाऊ सांगितला. फटके एक एक करून सांगितले, काहीही गाळलं नाही, दात, फसफस, सगळं. मांडणी अडखळत होती, आवाज चिरकत होता. शीळफाट्याची दुपार आणि बांधावरची सकाळ कुठे एक झाली ते मलाही कळलं नाही. राशीमागच्या पोराने मूठ तोंडात कोंबली, आणि तिथे मी थांबलो, कारण बाळाराम तिथेच थांबायचा.

प्रथमेशने विचारलं, "मग पुढे काय केलं त्या पोराने?"

हक्क घ्या मग सांगतो, हे मी कोणाला म्हणणार होतो? मी म्हणालो, "ते पोर मोठं झालं. आणि रोज थोडं थोडं मीठ खात राहिलं. तुझा बाप होता तो."

 त्याच्या गळ्याची शीर उडत होती.  मग त्याने कोयता कठड्यावर ठेवला, हात पँटला पुसला आणि बरणीत घातला. एक खडा घेतला. आम्ही तिघं त्या कापलेल्या केळींमध्ये उभे होतो. खडा विरघळल्यावर त्याने दुसरा घेतला. मी खाली उतरलो तेव्हा कोयता कठड्यावरच होता. वहिनींनी त्याला हात लावला नाही, त्यालाच ठेवू दे म्हणाल्या.

केस उभी राहील तेव्हा मला साक्षीला बोलावतील. तिथे मी सगळी नावं घेईन. ते बोलायला हवं की नको, हे विचारण्याइतका वेळ आता मी तोंडात मीठ धरतो, आणि उत्तर येतं की हवं. जाहिरातीचं मी लिमयेंना सांगितलं, कंपनीला लिहिलं, सत्य घटना हे शब्द काढून घेतले. त्याने काय होणार? बाळाराम म्हणाला असता, कारकुना, मढ्याला मलमपट्टी.

वहिनी रोज दिवेलागणीला फोन करतात. फार बोलत नाहीत. "आज खाल्लं त्याने," एवढंच, आणि फोन ठेवतात. म्हणजे मीठ, म्हणजे आजचा दिवस कोयता न उचलता गेला. उद्याचं उद्या. मी त्या फोनची वाट बघत ऑफिसात बसून असतो. नवीन लेखक येतात, नवे ग्रह आणतात, मी त्यांच्याकडून गोष्ट ऐकतो आणि मधे बोलत नाही. बरणी त्या घरात राहिली. कपाटावर ती होती तिथे तिच्या बुडाचा पांढरा गोल उमटलाय, इतक्या वर्षांचं मीठ लाकडात मुरलेलं. फोन वाजायला उशीर झाला की मी उठून त्या गोलावर बोट फिरवतो आणि बोट जिभेला लावतो. खारट लागतं अजून. आणि फोन येईपर्यंत मी तोंड उघडत नाही.